तातडीने मदत हवी : माशांची काचेची टाकी फुटली, लाईट नाही, गावात दुकान नाही

वैशाखवणवा (रात्री ८:४०)
नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय, सांभाळून घ्या. आमच्याकडे तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच अशी माशांची टाकी आहे. संध्याकाळी बघते तर बैठकीत फरशीभर पाणी. आधी वाटलं कूलर गळतोय. टाकीच्या मागच्या काचेचा आणि तळाचा सांधा सुटलाय, करंगळीएवढी धार लागलीय. पाणी अर्ध्याखाली गेलं.

मासे असे : तळहाताएवढे चार गोल्डफिश, सात-आठ मॉली, दोन गुरामी आणि वीतभर लांबीचा काळा सकर. सगळे सध्या दोन बकेटांत कोंबलेत.

गाव दारव्ह्याच्या पुढे. यवतमाळला उद्या सकाळच्या यष्टीशिवाय जाणं नाही, हे बाहेरगावी गेलेत. लाईट दुपारपासून ये-जा करून राहिली. घरात मोठं म्हणावं असं एवढंच : दोनशे लिटरचा निळा ड्रम, आजेसासूबाईंचं तांब्याचं गंगाळ, जुन्या कूलरची पत्र्याची टाकी, धुण्याचा प्लास्टिकचा टब. मासे कशात टाकू? लेक रडून रडून बेजार आहे.

काचघर (८:५२)
ताई, आधी टाकीचे सगळे प्लग बोर्डातून उपटा, नुसतं बटन बंद करून भागणार नाही. पायात चप्पल घालूनच त्या फरशीवर जा.

मग टाकीत उरलेलं पाणी वाया जाऊ देऊ नका. नळीने वरचं वरचं पाणी घागरी-बकेटांत काढून ठेवा, तळाचा गाळ घेऊ नका. फिल्टरमधला स्पंज काढून गोल्डफिशच्या बकेटीत टाका. तो धुवायचा नाही, पिळायचा नाही, वाळू द्यायचा नाही. माशांच्या खालोखाल आज तुमच्या घरातली सगळ्यात मोलाची वस्तू तीच आहे. का ते नंतर सांगतो.

सकरला वेगळं ठेवा. दाटीत तो गोल्डफिशच्या अंगावरचा चिकट थर खरवडतो.

पऱ्हाटी (८:५५)
ताई, त्या निळ्या ड्रमात आंधी काय होतं? आमच्या इकडं असे ड्रम भंगारवाल्याकडून येते, अन् त्यात काय होतं हे त्याले बी मालूम नसते. फवारनीच्या औषधाचा असन त कितीबी धुवा, प्लास्टिकात मुरलेलं राह्यते. सायपरमेथ्रिनसारखे जे औषधं आपन पऱ्हाटीवर, म्हंजे कापसावर, मारतो, ते मानसापेक्षा मासोळीले कितीतरी पट जास्त लागते. २०१७ मधी आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारनीनं मानसं गेले, मंग मासोळीची काय कथा. ड्रम नोको.

वैशाखवणवा (९:०१)
ड्रम लग्नात पाण्यासाठी कुणीतरी आणला होता, मूळ कशाचा ते कुणालाच माहीत नाही. बाद केला. गंगाळ चालेल का? चिंचेने घासून लख्ख आहे.

काचघर (९:०४)
गंगाळ तर मुळीच नाही. तांबं पाण्यात उतरतं. आपल्याला त्याचं काही होत नाही, पण माशांच्या कल्ल्यांना ते जाळतं. माशांच्या अंगावरच्या किड्यांसाठी तांब्याचं औषध मिळतं, तेही थेंब मोजून टाकतात, यावरून समजा. कूलरच्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो, तोही तसाच. प्लास्टिक, स्टेनलेस स्टील, थर्माकोल, चिनीमाती यांतलं काहीही चालेल. मेडिकलवाल्याकडे औषधं येतात ते मोठे थर्माकोलचे डबे असतात. गावात मेडिकल असेल तर विचारा. आत काहीही आलं असलं तरी साबण लावू नका, नुसत्या पाण्याने धुवा.

नांगरट (९:१०)
एवढा खटाटोप कशाला ताई? गावाजवळ तलाव असेल तर द्या सोडून. निसर्गाचं निसर्गाला. पुण्यच लागेल.

झाडीपट्टी (९:२२)
नांगरट भाऊ, रागावू नका, पण हे पुण्य आमच्या डोक्यावर येते म्हणून बोलतो. मी भंडाऱ्याकडचा. आमच्या भागात, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत, मामा तलाव आहेत. मामा म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या जमीनदारांच्या काळातले. या तलावांवर धान होते आणि ढीवर समाजाची घरं चालतात. ताईंचा तो काळा सकर मूळचा दक्षिण अमेरिकेचा. कोणाच्या तरी टाकीत वीतभराचा झाला, काच चाटून कंटाळला, की लोक त्याला तलावात नेऊन टाकतात. अंगावर चिलखत असल्याने त्याला इथे खाणारं फारसं कोणी नाही. अंडी घालायला तो काठाच्या मातीत बिळं पाडतो. मातीच्या पाळीचा तलाव असेल तर याचा अर्थ काय ते शेतकऱ्याला सांगायला नको. शिवाय त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात, आणि जाळ्यात आला तर बाजारात कोणी घेत नाही.

आणि गोल्डफिश? केशरी रंगाचा, संथ पोहणारा मासा उघड्या तलावात म्हणजे बगळ्याला ताट वाढून देणं.

नांगरट (९:२५)
बरं बाप्पा, नाही सोडत. मला काय माहीत ते चिलखतवालं प्रकरण.

वैशाखवणवा (९:३१)
तलावात सोडणार नव्हतेच. स्पंज पाण्यात टाकलाय. जुनं पाणी साठेक लिटर निघालं. मेडिकल बंद. धुण्याचा टब चाळीस लिटरचा असेल, त्यात चार गोल्डफिश राहतील?

काचघर (९:३४)
एक रात्र काढतील, तीही हवा चालू असेल तर. गोल्डफिश फार घाण करतो. चाळीस लिटरमध्ये असे चार म्हणजे उद्या दुपारपर्यंत पाणी विषारी.

मास्तरीणबाई (९:४०)
वैशाखवणवा, आसपास कुणाचं शेततळं आहे का? अस्तराचा जो काळा जाड प्लास्टिकचा कागद असतो, पाचशे मायक्रॉनचा, त्याचे तुकडे उरतात आणि लोक ते कडब्यावर झाकायला ठेवतात. तो मिळाला तर विटांचं चौकोनी आळं करून आत कागद अंथरायचा. आमच्या शाळेत कमळासाठी असंच केलंय, मुलांनीच रचलं. त्यात मासेही राहतात.

जागा ओसरीचा कोपरा निवडा. दोन बाजूंना घराची भिंत मिळते, विटा दोनच बाजूंना लागतात. वीट आडवी लावायची, म्हणजे भिंतीची जाडी नऊ इंच होते. साडेचार इंची एकेरी भिंत पाण्याने सरकते. उंची फूटभर, आत पाणी नऊ इंच. आतून तीन बाय तीन फूट धरलं तर साधारण १९० लिटर पाणी मावतं, तुमच्या फुटलेल्या टाकीपेक्षा जास्तच. कागद सात बाय सात फुटाचा हवा, कडा विटांवरून बाहेर सोडायच्या आणि वर विटांचा एक थर दाबायचा. खाली बारदाना किंवा जुनी गोधडी टाका, नाहीतर फरशीचा एखादा टवका कागद फाडेल.

पऱ्हाटी (९:४३)
हे जमते. पन कागद कायचा होता ते पाहा, त्याच्यावर औषधाचे डबे ठेवले असन त नोको. अन् खताचा बारदाना खालून चालते, कागदाच्या आत नोको. युरियाचा कन बी पान्यात गेला त त्याचा अमोनिया होते.

वैशाखवणवा (९:५०)
शेजारच्या काकांच्या शेतात शेततळं आहे! त्यांच्या गोठ्याच्या माळ्यावर कागदाची गुंडाळी आहे म्हणे, कोरी. काका आणि त्यांचा मुलगा निघाले. विटा आमच्या संडासाच्या बांधकामातल्या पडलेल्या आहेत. पण पाणी कुठलं भरू? नळाला परवा पाणी आलं होतं, त्याला बारीक वास येतो. घरची बोअर आहे.

मास्तरीणबाई (९:५८)
तो वास टीसीएल पावडरचा, म्हणजे ब्लीचिंग पावडर. ग्रामपंचायतीचा माणूस टाकीत टाकतो. पिण्यासाठी ती हवीच, पण माशांचे कल्ले आणि स्पंजमधले जिवाणू दोन्ही तिने मरतात. उघड्या भांड्यात दिवसभर ठेवलं की क्लोरीन उडून जातो. माशांच्या दुकानात अँटीक्लोर मिळतं, किंवा हायपोचे खडे, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. शंभर लिटरला एक ग्रॅम खडे साध्या नळाच्या पाण्याला पुरतात. आज तुमच्याकडे दोन्ही नाही, तेव्हा बोअर घ्या.

बोअरचं एक आहे. खोलवरून आलेल्या पाण्यात ऑक्सिजन नसल्यासारखाच असतो, आणि काही बोअरना अंडी नासल्यासारखा वास येतो. थेट त्यात मासे टाकू नका. पाईप उंच धरून फवाऱ्यासारखं भरा, मग तपेल्याने वरून खाली ओतत राहा. तास-दोन तास.

वाचनमात्र (१०:०५)
जुनं पाणी जितकं जास्त तितकं चांगलं ना? सगळे बॅक्टेरिया त्यातच असतात.

काचघर (१०:१६)
असं बऱ्याच जणांना वाटतं. पाण्यात ते थोडेच असतात. ते चिकटून राहतात, स्पंजच्या छिद्रांत, खड्यांवर, काचेवरच्या निसरड्या थरात. माशांच्या लघवी-विष्ठेतून, कल्ल्यांतून अमोनिया निघतो. एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया विषारी, नायट्राइटही विषारी, नायट्रेट बरंच सोसवतं. नव्या टाकीत ही वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो. ताईंच्या स्पंजमध्ये ती बसलेली आहे, म्हणून स्पंज जपायचा. नळाखाली धुतला तर क्लोरीनने मेली, उन्हात वाळवला तर मेली. आणि लाईट गेल्यावर बंद डब्याच्या फिल्टरमध्ये तसाच ठेवला तरी ऑक्सिजनवाचून काही तासांत मरते, मग लाईट आल्यावर तो डबा सडकं पाणी टाकीत ओततो. म्हणून स्पंज उघड्यावर, हलत्या पाण्यात.

जुन्या पाण्याचा उपयोग दुसरा आहे. मासे त्या पाण्याच्या क्षारांना, सामूला (पीएच) सरावलेले असतात. नवीन पाणी थोडं थोडं मिसळलं की धक्का बसत नाही. ताई, टाकी कुठल्या पाण्याने भरायच्या?

वैशाखवणवा (१०:२०)
बोअरच्याच.

काचघर (१०:२१)
मग अर्धी चिंता मिटली. टाकीतले खडेही त्या जुन्या पाण्यात खळबळून, गाळ काढून घ्या. एका जाळीच्या पिशवीत बांधून आळ्यात टाका.

वैशाखवणवा (रात्री ११:३५)
झालं उभं! काकांनी विटा रचल्या, लेकीने गोधडी अंथरली. कागदाच्या कोपऱ्यांत घड्या पडतात त्या आत दुमडून दाबल्या. नऊ इंच पाणी. विटांवर हात ठेवून पाहिलं, हलत नाहीत. बोअर चालवली तेवढ्यात लाईट होती, आता गेली. मासे अजून बकेटांत, वर तोंड काढून राहिलेत.

झाडीपट्टी (११:३९)
ते तोंड काढणं हवेसाठी. आता जास्त थांबू नका. आळ्यातलं पाणी मगाने बकेटीत थोडं थोडं घाला, पंधरा-वीस मिनिटं, मग मासे हाताने किंवा चाळणीने उचलून सोडा. बकेटीतलं घाण पाणी आळ्यात ओतू नका, स्पंज तेवढा घ्या. गुरामीची काळजी सोडा, तो वरची हवा गिळून जगतो, त्याला तसा अवयवच आहे. आधी गोल्डफिश.

आमच्याकडे रोहू-कटल्याचं बीज पाठवतात तेव्हा पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन भरतात. लोकांना वाटतं माशाला पाणी जास्त पाहिजे. माशाला हवा जास्त पाहिजे. तुमचं आळं उथळ आणि पसरट आहे, हे उंच टाकीपेक्षा बरंच, हवेला पाण्याचा पृष्ठभाग जास्त मिळतो.

पऱ्हाटी (११:४४)
लाईट नाही त हवा कशी देसान? घरी बॅटरीवाला फवारनी पंप हाय का? त्याची बारा व्होल्टची बॅटरी निंघते. गाडीच्या बॅटरीवर चालनारा बारीक एअर पंप भेटला त ते बॅटरी रातभर पुरते. फक्त बॅटरी घ्या बरं, पंपाची टाकी मासोळीजवळ बी नेऊ नोका.

ते नसन त सायकलची नाही, ट्रॅक्टरची नाहीतर मोटरसायकलची ट्यूब. गळकी नोको. हातपंपानं टम्म भरा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं नोको, त्याच्या हवेत तेल येते. व्हॉल्व्हले एअर पंपाची नळी खोचा, नळीले गाठ मारून हवा बारीक करा, टोकाले तो बुडबुड्यावाला दगड. माया भाच्यानं लोडशेडिंगमधी असंच केलं होतं.

वैशाखवणवा (१२:२०)
भाऊ, तुमचे उपकार! काकांच्या ट्रॅक्टरची जुनी ट्यूब ओसरीत पसरलीय, वर दगडी पाटा ठेवला की हवा बरोबर दाबाने येते. चार गोल्डफिश, मॉली, गुरामी सगळे आत. सकर टबात. लेक झोपली. डास फार आहेत, कॉइल लावू का?

काचघर (१२:२२)
थांबा! कॉइल, लिक्विड, फवारा, काहीच नको. मच्छर मारायच्या बहुतेक औषधांत पऱ्हाटी म्हणतात त्याच जातीचं विष असतं, पायरेथ्रॉइड. एअर पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो, म्हणजे धूर थेट पाण्यात. मच्छरदाणी लावा. लेकीच्या अंगाला ओडोमॉस लावलं असेल तर तिला पाण्यात हात घालू देऊ नका.

वैशाखवणवा (सकाळी ६:५०)
आळ्यातले सगळे जिवंत. एक मॉली मेली, ती बकेटीतच आडवी पडली होती. लाईट पहाटे आली, पंप चालू केला, स्पंज जुन्या फिल्टरच्या नळीला रबराने बांधला. खायला घालू का? लेक पाकीट घेऊन उभी आहे.

काचघर (७:०५)
घालू नका. निरोगी मासा आठवडाभर उपाशी राहू शकतो. जेवढं खाईल तेवढा अमोनिया, आणि जागा बदलल्याने स्पंजवरची वस्तीही थोडी ढासळलेली असते. रोज पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदला, बोअरचं, रात्रभर उघड्या टाकीत ठेवलेलं. तीन-चार दिवसांनी चिमूटभर खाणं.

लिटरला एक ग्रॅम मीठ टाका, म्हणजे १९० लिटरला १९० ग्रॅम, पाण्यात विरघळवून. खडे मीठ उत्तम. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून रक्तात शिरू देत नाही. पाणी बदलाल तेव्हा बदललेल्या पाण्यापुरतंच मीठ परत टाकायचं, पूर्ण नाही. सकरला मात्र मीठ मानवत नाही, तो टबातच राहू द्या, त्याचं पाणी रोज अर्धं बदला.

यवतमाळला कुणी गेलं तर अमोनियाची टेस्ट किट मागवा. आपल्या भागात काळा दगड, बोअरचं पाणी जड आणि अल्कधर्मी. अशा पाण्यात, त्यात मे महिन्याच्या उष्म्यात, तेवढाच अमोनिया जास्त विषारी ठरतो.

खारपाण (७:३०)
दर्यापूरहून. जड पाण्यावरून आठवलं म्हणून लिहितो. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, बोअरच्या पाण्यात चहासुद्धा फाटतो. माझे एंजल, टेट्रा सगळे गेले. मॉली ठेवल्या, तर त्यांनी घर भरून टाकलं. मॉलीला खारं, जड पाणी आवडतं. ताईंच्या मॉलीला मिठाचं काहीच वाटणार नाही. कुणाला खारपाणात टाकी करायची असेल तर मॉली घ्या, बाकी हौस सोडा.

वैशाखवणवा (दुपारी १:४०)
बाहेर ४५ डिग्री. आळ्यातलं पाणी कोमट लागतंय, गोल्डफिश तोंड वर करून आहेत. बर्फ टाकू?

मास्तरीणबाई (१:४६)
बर्फ पाण्यात टाकू नका. बाटलीत पाणी गोठवून बंद बाटली तरंगत ठेवा, तीही एका वेळी एकच, एकदम गार केलं तर ताप-थंडीचा धक्का बसतो. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० ला साडेसात. वर मासे दाटीचे. म्हणून हवा वाढवा, गारवा त्यानंतर.

विटांवर ओला बारदाना टाका आणि दर तासाला शिंपडा. कोरड्या हवेत बाष्पीभवनाने विटा गार राहतात. हे मुंबई-पुण्यात चालणार नाही, आपल्याकडे मेमध्ये छान चालतं. आळ्यावर ऊन येत असेल तर पडदा लावा, काळा कागद ऊन पितो.

गवंडीदादा (दुपारी ३:१०)
माझा धंदा बांधकामाचा. मला टाकी का फुटली ते जाणून घ्यायचंय, नाहीतर नवी आणाल आणि तीही जाईल. घर काळ्या जमिनीवर आहे का? टाकी बैठकीच्या मधोमध होती का भिंतीला लागून? टाकी भरलेली असतानाचा एखादा फोटो असेल तर काठापासून पाण्याची पातळी चारही कोपऱ्यांत सारखी आहे का बघून सांगा.

वैशाखवणवा (३:५५)
दादा, हे भारी विचारलंत. लेकीच्या वाढदिवसाचा फोटो आहे, एप्रिलमधला. डाव्या मागच्या कोपऱ्यात पाणी काठाला टेकलंय, उजव्या पुढच्या कोपऱ्यात बोटभर खाली आहे! टाकी मधोमध होती, लोखंडी स्टँडवर. शहाबादी फरशी आहे, घर काळ्या जमिनीवरच. उन्हाळ्यात अंगणात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात.

गवंडीदादा (४:२०)
मग झालं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. भिंतींचा पाया खोल असतो, तो फारसा हलत नाही. पण मधली फरशी जोत्यातल्या भरावावर नुसती बसवलेली असते. खाली मुरूम न भरता तीच माती कोंबली असेल तर फरशी दरवर्षी श्वास घेते. भरलेली तीन फुटी टाकी खड्यांसकट दोनशे किलोच्या आसपास जाते, आणि तुमच्या स्टँडला चार बारीक पाय. एक पाय खचला की टाकी नुसती कलत नाही, पिळली जाते. काच पिळत नाही, सांधा सुटतो. कारागिराला दोष देऊ नका.

नव्या टाकीला भिंतीलगत जागा द्या. स्टँडच्या पायांखाली एक सलग कडाप्पा नाहीतर जाड प्लाय टाका, म्हणजे वजन पसरेल. लेव्हल पाईपने, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने, चारी पाय एका पातळीत आणा. टाकी आणि स्टँडमध्ये अर्धा इंची थर्माकोल. आणि दर दोन-तीन महिन्यांनी काठापासून पाणी चारी कोपऱ्यांत मोजायचं. पट्टी घेऊन लेकीलाच लावा कामाला.

वाचनमात्र (४:३०)
हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता उठून मोजलं. आमचीही अर्धा बोट कललीय. प्लाय आणायला निघालो.

वैशाखवणवा (दुसऱ्या दिवशी)
हे परत आले. म्हणतात दारव्ह्याला फोटोफ्रेमवाला काच कापून देतो, सुटलेला सांधा सिलिकॉन भरून बंद करू. एम-सील बाहेरून लावावं असंही एक म्हणणं आहे.

काचघर
एम-सीलने रात्र निघते, टाकी दुरुस्त होत नाही. सिलिकॉनचंही ऐका : जुन्या सिलिकॉनवर नवीन धरत नाही. सुटलेल्या सांध्यावर वरून पट्टी ओढली तर ती पुन्हा सुटणार. तळाची काच पूर्ण मोकळी करायची, ब्लेडने कणन् कण खरवडायचा, स्पिरिटने पुसायचं, मग लावायचं. काच शाबूत असेल तर नवीन कापायची गरजही नाही. कापायची झाली तर दीड फूट उंचीला आठ मिलिमीटर घ्या, आणि कडा घासून घ्या.

सिलिकॉन घेताना बुरशीरोधक, बाथरूमचं, असं लिहिलेलं घेऊ नका, त्यात बुरशी मारायचं औषध असतं. साधं, व्हिनेगरसारखा वास येणारं, काचेसाठीचं शंभर टक्के सिलिकॉन. फ्रेमवाल्याकडे कुठली ट्यूब आहे ते वाचून घ्या.

आणि एक गोष्ट आपल्याच भागाची. हे सिलिकॉन उन्हाने वाळत नाही, हवेतला ओलावा घेऊन पक्कं होतं. ट्यूबवर २४ तास लिहिलेलं असतं, पण मे महिन्यातल्या आपल्या कोरड्या हवेत ते आतून कच्चं राहतं. लोक उन्हात ठेवतात, ते उलट. टाकी कूलर चालू असलेल्या खोलीत ठेवा, आठवडाभर हात लावू नका. वास पूर्ण गेला की अंगणात, सपाट जागी, काठोकाठ भरून दोन-तीन दिवस बघा. मग धुऊन आत आणा.

नांगरट
एवढं करण्यापेक्षा गप्पी ठेवा ताई. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, डासांसाठी पाळलेले असतात.

झाडीपट्टी
नांगरट भाऊ, तेही दक्षिण अमेरिकेचेच!

नांगरट
अरे बापरे. मग आपलं काय आहे?

झाडीपट्टी
तलावातला मरळ, दाढक, शिंगी, वाघूर. दिसायला केशरी नाहीत एवढंच.

वैशाखवणवा (आठवड्यानंतर)
उशिरा लिहितेय, माफी असावी. किट मिळाली. दोन-तीन दिवस अमोनिया दिसत होता, पाणी बदलत राहिलो, आता शून्य दाखवतंय. गोल्डफिश परत खायला लागले. टाकीचा तळ ह्यांनी सोडवला, जुनं सिलिकॉन खरवडताना बोट कापून घेतलं ते वेगळं. आता कूलरच्या खोलीत पडली आहे.

पण लेकीला आळंच आवडलंय. वरून मासे दिसतात, हाताशी येतात. गोल्डफिश आळ्यातच ठेवले आणि काचेच्या टाकीत मॉली-गुरामी गेले तर? पावसाळ्यात काय होईल?

काचघर
उत्तम. गोल्डफिशला उंचीपेक्षा पसारा मानवतो. सकर टाकीत जाऊ द्या, आणि मोठा झाला की दुकानदाराला परत करा. आळं कोरड्या विटांचंच ठेवणार असाल तर महिन्यातून एकदा भिंत सरकली का बघा. सिमेंटने बांधलं तरी कागद आत राहू द्या, नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरला तर सामू भलताच चढतो.

मास्तरीणबाई
ओसरीत पागोळी पडते का बघा. छपरावरून पाणी आत आलं तर आळं भरून वाहील आणि मासे अंगणात. वरून जाळी हवीच, बेडूक येतात, मांजर तर येणारच.

पऱ्हाटी
समदं ठीक हाय, पन काकानं कागद वापस मांगला त?

वैशाखवणवा
विचारलं. म्हणाले, सोयाबीन झाकायची वेळ येईपर्यंत राहू द्या, मग बघू. तोवर त्यांचा नातू रोज संध्याकाळी मासे मोजायला येतो आणि दरवेळी एक जास्तच मोजतो.